रिकाम्या हॉपरचं वजन

४ जानेवारी

पोचलो एकदाचे. सामानाचा टेम्पो आमच्या आधीच येऊन उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर आमच्याच गादीवर ऐसपैस झोपला होता. उठवला तर म्हणाला, गादी झकास आहे ताई, कुठून घेतली.

क्वार्टर पाहिलं आणि जीव भांड्यात पडला. दोनच खोल्या, पण भिंती कोरड्या, नळाला पाणी, दाराला नीट बसणारी कडी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट प्लांट दिसतो. सिमेंट साठवायचे उंच सायलो उन्हात चमकत उभे होते. ठकीने विचारलं, ही रॉकेटं कधी उडणार? तिच्या बाबाने सांगितलं, तुझी आई बटण दाबेल तेव्हा. सहा वर्षांच्या पोरीच्या नजरेत माझा भाव एकदम वधारला.

मला आणि नवऱ्याला एकाच ठिकाणी काम मिळालं हे नशीबच. मी काँक्रीट कालवणारा बॅचिंग प्लांट चालवायचा, त्याने मिक्सरगाडी. मी कालवणार आणि तो पोचवणार. त्याचं म्हणणं, घरी तू फुकट हुकूम सोडतेस, आता त्याचा पगारही घे.

५ जानेवारी

आज केबिन ताब्यात घेतली. लोखंडी जिना चढून वर, तीन बाजूंना काच. समोर पॅनेल, स्क्रीन, आणि आवारात बोलायला स्पीकरचा माइक. कोपऱ्यात केमिकलचे ड्रम मोजायचा छोटा प्लॅटफॉर्म काटा ठेवलाय, त्यावर कुणीतरी फुलदाणी म्हणून पाण्याची बाटली.

प्लांट म्हणजे मोठं स्वयंपाकघरच. खडी, वाळू, सिमेंट, पाणी, केमिकल, सगळं आधी मोजायचं आणि मग मिक्सरमध्ये टाकायचं. मिक्सरचे दोन दांडे एकमेकांकडे फिरतात आणि मिनिटभरात सगळं एकजीव करतात. पण खरी किमया मोजण्यात आहे. प्रत्येक हॉपर, म्हणजे माल मोजायचं मोठं नरसाळं, लोडसेलवर टांगलेलं असतं. लोडसेल म्हणजे मुठीएवढा पोलादी तुकडा. ओझं पडलं की तो केसाएवढा वाकतो, आणि किती वाकला ते आकड्यात सांगतो. आधीच्या प्लांटवर मी पाच वर्षं याच आकड्यांवर काढली. माणसं वाटेल ते सांगतात, लोडसेलला थापा मारता येत नाहीत.

साहेब बरे वाटले. खिशाला दोन पेनं, सही करायला मात्र माझं मागितलं. वायरमनला सगळे फ्यूज म्हणतात, कारण तो जरा काही झालं की उडतो. माझ्या आधी इथे तात्या म्हणून ऑपरेटर होते. बायको गेल्यावर त्यांनी काम सोडलं, असं फ्यूज म्हणाला. अजून इथेच राहतात, टायरच्या दुकानामागे.

७ जानेवारी

सकाळी प्लांट सुरू करण्याआधी सगळे काटे शून्यावर हवेत. खडीचा शून्य, सिमेंटचा शून्य. वाळूचं हॉपर त्रेपन्न किलो दाखवत होतं.

वाटलं, कालची ओली वाळू चिकटली असेल. खाली जाऊन टॉर्चने बघितलं. आत स्वच्छ पत्रा, माझाच चेहरा दिसेल असा घासलेला. फ्यूजला बोलावलं तर म्हणाला, मॅडम, शून्याचं बटण दाबा आणि कामाला लागा, तात्या रोज तेच करायचे. मी म्हटलं, तात्या करायचे म्हणून मी करणार नाही. प्रमाणित वजनं मागवली, हॉपरला टांगली. वीस टांगले तर बरोबर वीस वाढले. काढले तर त्रेपन्न.

म्हणजे काटा ठीक आहे. फक्त रिकाम्या हॉपरमध्ये त्रेपन्न किलो आहेत.

मिक्सरगाड्यांची रांग लागली होती. शेवटी शून्याचं बटण दाबलं आणि कामाला लागले. फ्यूजच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

९ जानेवारी

ठकीला शाळा आवडली. बाईंना तिने सांगितलं की माझी आई रॉकेट उडवते.

हॉपरचं काही सुचत नाही. आज लवकर जाऊन, काही न चालवता, नुसती स्क्रीनसमोर बसले. आकडा स्थिर नाही. थोडा वर जातो, थांबतो, खाली येतो. वाऱ्याने हलतं म्हणावं तर वारा नव्हता. बराच वेळ बघत राहिले आणि लक्षात आलं की आकड्याबरोबर माझाही श्वास वर-खाली होतोय. दोघांची लय एकच.

अंगावर शहारा आला. मग स्वतःलाच हसले. काट्याला दम लागला म्हणून साहेबांना कळवू का?

१३ जानेवारी

एकोणपन्नास.

रोज थोडं कमी होतंय. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, काँक्रीट पास होतंय ना, मग उकरून काय काढायचंय. त्यांचंही बरोबर आहे. चाचणीचे ठोकळे उत्तम ताकद देतायत, गिऱ्हाईक खूश आहे. नवऱ्याला सांगितलं तर त्याने गाडीची शपथ घेऊन सांगितलं की यंत्रांनाही आजार होतात, त्याच्या गाडीला थंडीत खोकला येतो.

मी हसले. पण सकाळी शून्याचं बटण दाबताना हल्ली बोट अडखळतं. कुणाच्या तरी तोंडावर दार लावतेय असं वाटतं.

१६ जानेवारी

आज फ्यूजला चहा पाजून बसवला आणि बोलता केला. आधी कानावर हात ठेवले, मग सगळं सांगितलं.

गेल्या वर्षी इथे दांडू नावाचा कामगार होता. उंच, काटकुळा, म्हणून दांडू. ओली वाळू हॉपरच्या वरच्या साठ्यात, बिनमध्ये, अडकली की लांब गजाने ढोसून मोकळी करायची, हे त्याचं काम. एकदा वरून सुटेना म्हणून तो खालून हॉपरमध्ये शिरला. वर अडकलेला ढीग एकदम निसटला. झडप जागची हलली आणि सगळी वाळू त्याच्यावर आली.

तात्यांनी ताबडतोब प्लांट बंद केला. सगळे फावडी घेऊन धावले. वाळू उपसावी तेवढी वरून येत होती. तात्या केबिनमध्ये एकटेच होते आणि त्यांना स्क्रीनवर आकडा हलताना दिसत होता. वर, खाली. वर, खाली. ते स्पीकरवरून ओरडत होते, जिवंत आहे, श्वास चालू आहे, हात चालवा.

मग आकडा हलायचा थांबला.

फ्यूज म्हणाला, ते बघितल्यावर तात्या पूर्वीचे राहिले नाहीत. हेही म्हणाला की दांडू त्या दिवशी सकाळपासून उपाशी होता. काम संपवून जेवतो म्हणाला होता.

आज हॉपर चव्वेचाळीस दाखवत होतं.

१७ जानेवारी

मला वेड लागलेलं नाही. हे आधी लिहून ठेवते.

माझ्या डब्यात ब्रेड, अंडं आणि एक केळं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे सावलीला गेले तेव्हा अर्धा डबा घेऊन खाली गेले आणि हॉपरच्या तोंडाशी पत्र्यावर ठेवला. वर येऊन बघितलं. अर्ध्या डब्याने आकडा किती वाढावा? पाव किलो फार तर. तो दोन किलोंनी वाढला होता. आणि हलत होता, आधीपेक्षा जोरात, धाप लागल्यासारखा.

परत खाली गेले तर ब्रेड जागच्या जागीच. उचलला तर हातात भुगा झाला, नुसती कोरडी वाळू.

घाबरायला हवं होतं. मला भडभडून आलं. कुणाचं तरी पोर आहे ते.

२० जानेवारी

रोज देते. आता एक्कावन्न आहे. चेहरा दिसत नाही, पण माणूस सुधारताना बघितल्यासारखं बरं वाटतं. नवरा म्हणतो, हल्ली गुणगुणत असतेस.

संध्याकाळी प्लांट बंद केला. मी सुट्टीच्या वेळी माइकवरून सगळ्यांना सांगते तसं सांगितलं, चला, झालं काम, घरी जाऊ या. आवार रिकामं होतं. हे मी कुणाला सांगितलं ते मला माहीत होतं. बिचाऱ्याला कुणी तरी इतक्या दिवसांत तसं म्हणायला हवं होतं.

२१ जानेवारी

शून्य. स्वच्छ, न हलणारा शून्य. सुटला बिचारा. जिना उतरताना पाय हलके झाले होते.

फ्यूजला सांगितलं, काटा बरा झाला. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, मॅडम, तुम्ही त्याला काही म्हणालात का?

२४ जानेवारी

ठकीच्या पलंगाची फळी मोडली. नवरा म्हणतो, उड्या मारत असणार. ती म्हणते, नाही मारल्या. नवीन फळी ठोकली. तीही मधोमध वाकलीय.

पोरीला भूक मात्र सपाटून लागते. दोन ताटं जेवते आणि तिसऱ्याकडे बघते. नवरा खूश. हवा मानवली म्हणतो.

२७ जानेवारी

ठकीचा फ्रॉक खांद्यावरून घसरतो. दोन आठवड्यांपूर्वी तोच फ्रॉक काखेत काचत होता.

आंघोळ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागल्या. एवढं खाऊन? विचारलं, डबा कुणाला देतेस का शाळेत. ती म्हणाली, शाळेत नाही, काकाला देते. मी विचारलं, कुठला काका. ती म्हणाली, माझ्याजवळ झोपतो तो. उंच आहे म्हणून पाय दुमडून झोपतो. त्याला खूप भूक लागते गं आई, माझं सगळं दिलं तरी पुरत नाही.

अजिबात न घाबरता म्हणाली. जशी एखाद्या मैत्रिणीची गोष्ट सांगावी.

तिची चादर झटकली. बारीक वाळू पडली. ओली होती.

२८ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. रक्त, पोट, छाती, सगळं तपासलं. सगळं उत्तम. जंतांचं औषध दिलं. नवऱ्याच्या जिवात जीव आला. माझ्या नाही.

दवाखान्यात वजन करताना नर्सने ठकीला काट्यावर उभं केलं, मान हलवली, म्हणाली काटा बिघडलाय, आणि अंदाजाने सतरा लिहिलं. काट्यावर काय दिसलं ते मला बघता आलं नाही. मला बघायचं नव्हतं.

३० जानेवारी

सुट्टीचा दिवस. ठकीला केबिनमध्ये नेलं. ड्रमच्या काट्यावरची बाटली काढली आणि म्हटलं, उभी राहा बरं.

सत्तर.

माझं बाळ, काडीसारख्या पायांचं, हसत काट्यावर उभं. सत्तर किलो. आणि आकडा हलत होता. वर. खाली.

तिला कवटाळून उचलायला गेले. कमरेत कळ आली, उचलवली नाही. ती म्हणाली, आई, दोघांना एकदम कशाला उचलतेस.

३१ जानेवारी

तात्यांना गाठलं. टायरच्या दुकानामागे एकच खोली, आत एक खुर्ची. दुसरी खुर्ची त्यांनी मुद्दाम ठेवलेली नाही.

मी आधी पोरीचं सांगितलं. ते ऐकताना भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, तुम्ही त्याला घरी बोलावलंत ना. मीही बोलावलं होतं.

त्यांचं सांगणं असं. दांडू वाईट नाही. त्याला कुणाचं वाईट करायचं नाही. तो भुकेला आहे आणि त्याचं पोट भरत नाही, एवढंच. ज्याला त्याची कणव येते त्याच्याबरोबर तो येतो. घरात आला की जो पटकन जीव लावतो त्याला धरून बसतो. तात्यांच्या घरी त्याने बायकोला धरलं. ती दिसेल त्याला खाऊ घालणारी बाई होती. ती वाळत गेली. संपली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूच्या हॉपरमध्ये पुन्हा त्याचं वजन.

मग म्हणाले, शेवटच्या दिवसांत ती मला जवळ येऊ देत नव्हती. हात लावू देत नव्हती. मला वाटायचं चिडलीय. ती गेल्यावर उमगलं. मला तिची दया यायची हो, पोटातून यायची. मी तिला कुशीत घेतलं असतं तर तो माझ्याकडे आला असता. तिला ते माहीत होतं.

मी विचारलं, म्हणजे तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो? ते म्हणाले, जातो. कणव आली आणि अंगाला अंग लागलं, की जातो. त्याचीच असं नाही, ज्याला धरलंय त्याची कणव आली तरी त्याला चालते.

मी विचारलं, मग मी काल तिला कवटाळलं, तेव्हा का नाही आला?

ते माझ्याकडे बघून म्हणाले, काल तुम्हाला कणव आली होती की भीती वाटली होती?

१ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कधी आवाज चढवत नाही, आज चढवला. म्हणाला, पोर आजारी आहे आणि तू भुताखेताच्या गोष्टी घेऊन बसलीस. त्याला हाताला धरून केबिनमध्ये नेलं, ठकीला काट्यावर उभं केलं.

तो खाली बसला.

मग म्हणाला, आत्ताच्या आत्ता सगळे निघू. मी समजावलं, निघून उपयोग नाही, तो हॉपरला धरून नाही, तिला धरून आहे. कुठेही गेलो तरी बरोबर येईल. आधी तो तिच्यावरून उतरायला हवा. कुणावर, हे त्याने विचारलं नाही. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, मी घेतो. मी म्हटलं, तुला त्याचा राग येतो. येतो ना? तो रडायला लागला. त्याला येतो. त्याच्या जागी कुणालाही येईल.

बोलावलं मी होतं. आणि मलाच त्याची भूक आठवली की अजून कसंतरी होतं.

२ फेब्रुवारी

जमत नाही. तिला जवळ घेते, मनात म्हणते ये बाबा, माझ्याकडे ये. आणि नुसता संताप उसळतो. सोड माझ्या लेकीला. त्याला तो कळतो. तो तिला अजून घट्ट धरतो. तिचे ओठ पांढरे पडले.

आज ती शाळेत गेली नाही. उठवलंच नाही तिच्याने.

३ फेब्रुवारी

सकाळी तिच्या पलंगाशी बसले. राग बाजूला ठेवायचा प्रयत्न सोडून दिला. त्याऐवजी मी त्याचा विचार केला. त्या दिवसाचा. वर टनावारी वाळू, तोंडात वाळू, आणि वरून स्पीकरवर कुणीतरी ओरडतंय की हा जिवंत आहे. त्याला ते ऐकू येत असणार. आता काढतील, आता काढतील. पोटात भूक. त्याची आई कुठे असेल? तिला कुणी सांगितलं असेल, आणि काय सांगितलं असेल?

मला हुंदका आवरेना. ठकीला कुशीत घेतलं.

अंगावर ओल्या वाळूचं पोतं टाकावं तसं झालं. गुडघे टेकले.

ठकीने डोळे उघडले. म्हणाली, आई, मला किती मोकळं वाटतंय.

४ फेब्रुवारी

काट्यावर उभी राहिले. माझं अठ्ठावन्न. काटा एकशे अकरा दाखवतो. त्रेपन्न. सगळे इथे आहेत. देवा, सगळे माझ्यावर आहेत.

ठकीला तिच्या आत्याकडे पाठवलं. माझी नणंद मायेची आहे, दूर राहते, काही विचारणार नाही. निघताना ठकीला जवळ घेतलं नाही. दारामागून सांगितलं, आईला सर्दी झालीय. ती दार वाजवत राहिली. नवऱ्याने तिला उचलून नेलं. एका हाताने, सहज.

त्याला बजावलंय. तिला इथे आणायचं नाही. काही झालं तरी. आणि तूही तिथेच राहा, जवळ यायचं नाहीस, कारण आता राग जाऊन तुला माझी दया यायला लागेल.

७ फेब्रुवारी

काम करते. खुर्ची करकरते. फ्यूज लांबून डबा ठेवून जातो. त्याने त्याच्या बाजूने खूप केलं, साहेबांकडे जाऊन हॉपर बदला म्हणून भांडला. साहेबांनी काखा वर केल्या, काटा शून्य दाखवतोय ना, म्हणाले.

जेवते. पोटात काही पोचत नाही.

आत्याच्या फोनवर ठकी बोलली. पाटावर बसून साबणाचे फुगे उडवतेय. ऐकलं आणि बळ आलं.

९ फेब्रुवारी

बांगड्या हातातून गळून पडतात.

मी त्याच्याशी बोलते. दुसरं कोण आहे. त्याला विचारलं, किती खाशील रे. तो श्वास घेतो, एवढंच. माझ्या मानेवर. थंड. वाळूचा वास.

राग येत नाही आता त्याचा. येऊ नये असंच ठरवलंय. राग आला तर तो जाईल कुठे—

१२ फेब्रुवारी

जिना चढायला फार वेळ लागतो. पायऱ्या वाकतात.

ठरवलंय ते असं. शेवटपर्यंत माझ्याकडेच ठेवायचा. मग तो परत हॉपरमध्ये जाईल. फ्यूजला सांगून ठेवलंय, माझ्यानंतर जो ऑपरेटर येईल त्याला हॉपरपाशी खायला ठेवू देऊ नकोस. बोलू देऊ नकोस. फक्त शून्याचं बटण. फ्यूज रडला. मी ओरडले त्याच्यावर, रडू नकोस, माझ्यासाठी रडायचं नाही, लांब हो—

१३ फेब्रुवारी

नवऱ्याचे फोन. उचलत नाही. आवाज ऐकून तो येईल. फोन बंद करून टाकला. चुकलं का ते—

काटा म्हणतो एकशे अकरा. अजून तेवढेच. माझे कमी होतात तेवढे त्याचे—

१५ फेब्रुवारी

दुपार. आत्ता लिहितेय, केबिनमध्ये, जमेल तेवढं.

ती आली होती.

फोन लागेना म्हणून नवरा घाबरला, निघाला, ती मागे लागली. तिला फाटकात उभं करून तो साहेबांकडे माझी चौकशी करायला गेला. तेवढ्यात ती धावत— जिन्यावर पावलं वाजली. मी दाराला टेबल लावायला उठले. उठता येईना. नको, येऊ नकोस, म्हणाले, पण आवाज दारापलीकडे पोचला नाही.

गाल भरलेत तिचे. नवा फ्रॉक. दारात थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, आई, किती बारीक झालीस गं तू. आणि गळ्यात—

मी ढकललं तिला. देवाशपथ ढकललं. तिला माझा राग यावा म्हणून शिवी दिली. ती सोडेना. पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग नवरा आला. तिला सोडवून घेऊन गेला. माझ्याकडे न बघता, मी सांगितलं होतं तसंच. शहाणा माझा.

मी काट्यावर उभी राहिले.

छत्तीस.

छत्तीस. हलत नाही. मला एकदम हलकं—

नाही. नाही, नाही—

खिडकीतून दिसतायत. आवार ओलांडतायत. ती मागे पडतेय. हळू चालते. पाय ओढते. धुळीत तिची पावलं खोल—

माइक. माइकवर ओरडले. त्याचा लाल दिवा लागत नाही. फ्यूज कुठे—

फाटकाशी थांबली. वर बघून बाबाला काहीतरी सांगते. पाय दुखतायत म्हणत असेल. तो हसतोय. वाकला. दोन्ही हात तिच्या काखेत घातले, उचलायला, आणि त्याचा चेहरा—